शर्टावरचा पंजा

वकिलीणबाईंना चाकू आधी दिसला, माणूस नंतर.

शुक्रवार होता. शुक्रवारी सूर्य बुडाला की शब्बाथ, ज्यूंचा कामबंदीचा पवित्र दिवस, लागतो, आणि त्याच्या आत नवरा घरी आणून टाकणं हे बाईंचं अठ्ठेचाळीस वर्षांचं काम. वकील गावातल्या ज्यू समाजाचे अध्यक्ष, सिनेगॉगची किल्ली त्यांच्याच खिशात. पण रस्त्यात कुणी गटाराचा नाहीतर रेशनचा अर्ज पुढे केला की गडी तिथेच उभा. 'पाच मिनिटांत आलो' या त्यांच्या शब्दावर बाईंनी आयुष्यात किती भाजी करपवली त्याला गणती नव्हती. म्हणून दर शुक्रवारी बारा वाजता त्या छत्री घेऊन नगरपालिकेच्या पायऱ्यांखाली उभ्या राहायच्या. शिपाई वर जाऊन सांगायचे, "साहेब, वॉरंट आलंय."

त्या दिवशी वकील सव्वाबाराला बाहेर आले. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, काळा कोट हातावर, पांढरा शर्ट घामाने अंगाला चिकटलेला, काखेत कागद. वरच्या पायरीवरूनच ओरडले, "अगं, झालं! नळ मंजूर!"

नळ म्हणजे ज्यू कबरस्तानातल्या विहिरीवरून मागच्या सगळ्या वस्तीला जाणारा नळ. या नळापायी वकिलांनी तीन वर्षं दोन आघाड्यांवर मारामारी केली होती. बाहेर टँकरवाला, जो त्या वस्तीला हंडा हंडा पाणी विकून नगरपालिकेचा सदस्य झाला होता. आणि घरात सख्खा भाऊ, जो म्हणायचा, आपल्या मेलेल्यांचं पाणी आपण कुणाला का द्यायचं?

चौथ्या पायरीवर एक जण बुटाची नाडी बांधत बसला होता. तो उठला. टँकरवाल्याचा पुतण्या. बाई त्याला लहान असल्यापासून ओळखत होत्या. हातात भाजी चिरायचा असतो तसाच साधा चाकू होता.

पहिला वार पोटात बसला. ओली गोणी जमिनीवर टाकावी तसा आवाज झाला. वकिलांनी दोन्ही हातांनी पातं धरलं, कोर्टात समोरच्याच्या हातातला कागद ओढावा तसं, आणि सोडेनात. चाकू मुठीत फिरला आणि पुतण्याचाच तळवा उभा फाटला. त्याने आईवरून शिवी दिली, तोच रक्ताळलेला हात वकिलांच्या पाठीमागे घालून त्यांना छातीशी आवळलं, आणि दुसऱ्या हाताने चाकू घुसवला. एकदा. पुन्हा एकदा. चौथ्यांदा पातं बरगडीवर करकरलं.

बाई कधी चढल्या ते त्यांनाही कळलं नाही. छत्री त्याच्या कानावर मोडली. उरलेली दांडी त्यांनी त्याच्या तोंडात खुपसली. दात तुटल्याचा आवाज त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकला आणि त्यांना बरं वाटलं. त्याने लाथ घातली. बाई तीन पायऱ्या खाली गडगडल्या, मनगट कटकन वाजलं, आणि तो पळाला. पायऱ्यांवर तेव्हा तीस माणसं होती. कुणाची चप्पल जागची हलली नाही.

"बघताय काय रे मेल्यांनो, तिकीट काढलंय?" बाई किंचाळल्या.

वकील खाली बसले होते, मग कुशीवर त्यांच्या मांडीत कलंडले. बाईंनी डोक्याचा रुमाल ओढला आणि पोटातल्या भोकात कोंबला. लग्न झाल्यापासून चारचौघांत त्यांचं डोकं उघडं पडलं नव्हतं. रुमाल बघता बघता भरला, हात कोपरापर्यंत गरम झाले.

"कागद," वकील म्हणाले. "कागद उचल गं."

"चुलीत घाला तुमचे कागद!" बाई म्हणाल्या.

त्यावर वकील काही बोलले नाहीत. पुढे कधीच बोलले नाहीत.

सरकारी इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी फॉर्म पुढे ओढला. "ओळखीच्या खुणा सांगा."

"किती लिहिणार?" बाईंनी विचारलं. मनगटाला फळी बांधली होती. "वरचा एक दात नाही. पहिला सार्वजनिक नळ मागितला तेव्हा वीट बसली होती. डावी भुवई चिरलेली, ते रस्त्यावरचे दिवे. गळ्याखालचं हाड वाकडं जुळलंय. याच इस्पितळाची गाडी सदस्यांच्या बायकांना बाजाराला नेते म्हणून त्यांनी कोर्टात सांगितलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याच गाडीने उडवलं. पायाची दोन नखं नाहीत. कबरस्तानाची भिंत पाडायला आले तेव्हा हा माणूस पहारीखाली पाय ठेवून उभा राहिला. शहाणा. आणि पाठीवर पोळल्याचा डाग आहे."

"तो कशाचा?"

"तो माझा. उलथनं फेकलं होतं. सिनेगॉगमध्ये प्रार्थनेला दहावा माणूस कमी पडतोय म्हणून जेवणावरून उठून निघाले होते."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं आणि चष्मा पुसायला घेतला. बाईंना रडणाऱ्या डॉक्टरांचा भारी राग होता. "लिहा, लिहा," त्या म्हणाल्या. "सूर्य तुमच्यासाठी थांबणार नाही. सहा चाळीसला बुडतो. त्याच्या आत मातीत गेले नाहीत तर रविवारपर्यंत ठेवावे लागतील, आणि त्यांना वाट बघायची सवय नाही. वाट बघायचं काम माझं."

चार वाजता कबरस्तानातल्या आंघोळीच्या खोलीत वकिलांना दगडी ओट्यावर ठेवलं. ज्यू समाजात पुरुषांना पुरुष न्हाऊ घालतात, बायकांना बायका. बायकांकडचं ते काम तीस वर्षं बाईंच्या हाताखाली होतं. पुरुषांकडचं धाकट्या दिरांकडे, नळाला नाही म्हणणाऱ्या त्याच भावाकडे. दिरांनी चार बादल्या कोमट पाणी भरून ठेवलं होतं, बाह्या वर केल्या होत्या आणि लहान पोरासारखे हुंदके देत होते. तांब्या उचलला तोच दारातून आवाज आला.

"भावजी, पाणी खाली ठेवा."

"वहिनी, तुम्ही इथे? ही पुरुषांची खोली—"

"पुरुषांना अक्कल असती तर मी आले नसते. मारून टाकलेल्या माणसाला आपण न्हाऊ घालतो का?"

दिरांचा हात तसाच हवेत राहिला. आयुष्यभरात त्यांनी शेकडो म्हातारे धुतले होते. मारून टाकलेला एकच, आणि त्यालाही एकोणीस वर्षं झाली होती. जीव जाताना सांडलेलं रक्त हा माणसाचाच भाग. ते धुवायचं नाही, त्याच कपड्यांसकट मातीत द्यायचं. भावाच्या मायेने आंधळे होऊन ते हाच नियम विसरले होते. त्यांनी तांब्या इतका हळू ठेवला, जसं काही कुणी झोपलेलं उठेल.

मग ते वेगळ्याच आवाजात म्हणाले, "मग शर्ट पण जाईल ना वहिनी? त्याचं सगळं रक्त त्या शर्टात आहे."

शर्ट इस्पितळाने कागदी पिशवीत दिला होता. द्यावाच लागला. ज्यू माणसाचा खून झाला तर घरच्यांनी मागितल्यावर अंगावरचे कपडे दफनासाठी परत द्यावेत, कोर्टासाठी ठेवायचे तर घरच्यांची सही घ्यावी, असा हुकूम होता. तो हुकूम वकिलांनीच सात वर्षं भांडून मिळवला होता.

आणि सही मागायला इन्स्पेक्टर अंगणात उभा होता. शेजारी बाईंची थोरली, तीही वकील, बापाच्याच ऑफिसात बसणारी. तिचे डोळे सुजले होते पण आवाज कोर्टातला होता.

"आई, शर्ट पुरलास तर तो सुटला. पोलिसांनी त्याला दोन वाजता पकडलंय, हाताला पट्टी आहे. म्हणतो, बाटली फुटून कापलं, दात पडून गेले, आणि बारा वाजता मी काकाच्या गॅरेजमध्ये होतो. पायऱ्यांवरच्या तीस जणांपैकी एकानेही काही पाहिलेलं नाही."

"मी पाहिलं."

"तुझं मोतीबिंदूचं ऑपरेशन मार्चमध्ये झालंय. त्यांचा वकील तुला तिथेच झोपवेल."

"माझ्याशी बोलायला तर येऊ दे मुडद्याला."

"आजी," इन्स्पेक्टर म्हणाला, "शर्टाच्या पाठीवर त्याच्या तळव्याचा ठसा आहे. पाची बोटं, त्याच्याच रक्तात. माझ्याकडे तेवढंच आहे."

"आजी कुणाची? तुमच्या ठाण्याच्या मालखान्यात पुरावा म्हणून याआधी एक शर्ट दिला होता. तो कुठाय?"

इन्स्पेक्टरची मान खाली गेली. "मी तेव्हा इथे नव्हतो."

"तुम्ही लोक कधीच नसता."

तो शर्ट समाजातल्याच बेकरीवालीच्या मुलाचा होता. एकोणीस वर्षांपूर्वी, त्या पहिल्या नळावर, टँकरवाल्याच्या चार माणसांनी त्याला पहारीने मारलं. तिशीतला बाप्या, दोन लेकरांचा बाप. डोकं इतकं फुटलं होतं की आईने त्याला पायांवरून ओळखलं. बेकरीवाली शर्ट देईना. तेव्हा वकीलच तिच्या दारात जाऊन बसले. म्हणाले, सहा महिन्यांत परत आणून देतो, मग कबर उघडून आत ठेवू. शर्टाची घडी बाईंनीच घातली, पिशवीत बाईंनीच भरला. खटल्याच्या दिवशी मालखान्यात उंदीर निघाले, शर्ट निघाला नाही. चौघेही सुटले, बेकरीसमोरून फटाके वाजवत गेले. त्या दिवसापासून बेकरीवालीने वकिलांच्या घराशी शब्द बोलला नव्हता. पाव मात्र रोज द्यायची, फळीवर आपटून.

दीर बाहेर आले. "वहिनी, एकदा फसलो आपण. दादाचं रक्त त्या उंदरांना घालायचंय? थेंब न् थेंब मातीत गेला पाहिजे. दादाच समाजाचा अध्यक्ष होता."

"बाबा वकीलही होते, काका," थोरली म्हणाली. "पुरावा जमिनीत गाडणाऱ्याला त्यांनी काय म्हटलं असतं?"

"बापाला न पुरता ठेवणाऱ्या मुलीला काय म्हटलं असतं, ते आधी सांग!"

"गप्प!" बाई म्हणाल्या. "मयताच्या दारात कोर्ट भरवताय?"

बाई ओसरीवर बसल्या, कागदी पिशवी मांडीवर. आयुष्यभर त्या वकिलांचं मत न विचारता ऐकत आल्या होत्या. जेवताना, झोपताना, तापात फणफणले असतानाही. आज पहिल्यांदा ते हवं होतं. एका बाजूला त्यांचा धर्म, दुसऱ्या बाजूला त्यांचं कोर्ट, दोन्ही त्यांचीच, आणि स्वतः मात्र आत ओट्यावर निवांत. पाच वाजून गेले होते. चिंचोळ्या अंगणात भिंतीची सावली विहिरीपर्यंत पोचली होती.

फाटक वाजलं. बेकरीवाली होती. कोपरापर्यंत पीठ, केस पांढरे की पिठाने माखलेले ते कळू नये. ती सरळ बाईंच्या पुढ्यात येऊन उभी राहिली.

"माझ्या पोराच्या शर्टाची घडी तूच घातलीस," ती म्हणाली. एकोणीस वर्षांतलं पहिलं वाक्य.

"मीच."

"उलगडून पाहिला होतास?"

"नाही." बाईंना खोटं बोलता आलं असतं, बोलल्या नाहीत. "हिंमत झाली नाही."

"मलापण नाही. पोराने त्यातल्या एकाचं नाक फोडलं होतं म्हणतात. म्हणजे त्या शर्टात त्या हरामखोराचं रक्तही असणार. माझ्या पोराचं कुठलं, त्याचं कुठलं, कुणीच पाहिलं नाही. सगळं एका पिशवीत बांधून दिलं." तिने बाईंच्या मांडीवरच्या पिशवीकडे बोट केलं. "तू निदान बघून तरी ठरव."

बाई तशाच उठल्या. पुरुषांच्या खोलीत पुन्हा कुणाला न विचारता शिरल्या, वकिलांच्या पायाशी ओट्यावर मोकळी जागा होती तिथे शर्ट पसरला. पुढची बाजू पापडासारखी कडक, काळी. चाकूच्या चार फटी. तो नवऱ्याचा जीव, त्याला हात लावायचा प्रश्नच नव्हता. मग त्यांनी तो उलटा केला. पाठ घामाने पिवळट, आणि उजव्या खांद्याखाली, जसं काही कुणी पाठ थोपटली असावी तसा, पाच बोटांचा पंजा.

"भावजी, चष्मा लावा," बाई मागोमाग आत आलेल्या दिरांना म्हणाल्या. "या पंजात तुमच्या भावाचा एक तरी थेंब आहे का, दाखवा."

"म्हणजे?"

"म्हणजे हे रक्त त्या पुतण्याचं. सांगा मला, मारणाऱ्याचं रक्त मेलेल्याच्या कबरीत घालायचं, हे कुठे लिहिलंय? कयामतीपर्यंत माझा नवरा त्या डुकराच्या हातावर पाठ टेकून झोपणार? मी नाही झोपू देणार."

दिरांनी चष्मा लावला आणि ते वाकले. इतके वाकले की नाक कापडाला लागलं. इंच इंच पाहिलं. "करंगळीपाशी," ते शेवटी म्हणाले. "इथे पुढचं रक्त कडेने झिरपून आलंय. हे दादाचं."

"मग करंगळी दादाची."

कफन शिवायची कात्री खणात होती. बाईंनी ती डाव्या हातात घेतली, उजवा फळीत होता. इन्स्पेक्टर दारातून ओरडला, "अहो बाई, पुराव्याला कात्री लावता येत नाही!"

"मग सही नाही. सगळा शर्ट जाईल आत. आत्ता पाच वीस झालेत." त्यांनी कात्री त्याच्याकडे रोखली. "तुमच्याकडे मोबाइल आहे. आधी अख्ख्या शर्टाचे फोटो काढा, मग कापतानाचे, मग कापल्यावरचे. थोरले, तू पंचनामा लिही. पंच हे दोघं, माझे दीर आणि ही बेकरीवाली. आणि मालखान्याचं नाव काढलंत तर जीभ पण याच कात्रीने."

इन्स्पेक्टरने थोरलीकडे पाहिलं. ती आधीच कागद शोधत होती. "मोजमाप सेंटिमीटरमध्ये लिहिते," ती म्हणाली. "पंजाभोवती चौकट आखते, तिची एक कड शर्टावरच राहू दे आई, म्हणजे तुकडा त्यातलाच हे जुळवून दाखवता येईल. फोटोत दिसेल."

बाईंनी कापलं. डाव्या हाताने, कुरतडल्यासारखं. वाळलेलं कापड कागदासारखं फाटत होतं. करंगळीशी येऊन वळण घेतलं. चार बोटं आणि तळवा सुटून हातात आला, करंगळी वकिलांकडे राहिली. तुकडा पाकिटात गेला, लाखेचं सील लागलं, सगळ्यांच्या सह्या झाल्या. बाईंनी डाव्या हाताने आपली चार अक्षरं लिहिली. लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात वकिलांनी हात धरून गिरवून घेतली होती तीच, तेवढीच.

"आता मी हे ठाण्यात—" इन्स्पेक्टरने हात पुढे केला.

त्याच्या आधी बेकरीवालीने पाकीट उचललं होतं. "ठाण्यात नाही. मॅजिस्ट्रेटच्या घरी. तुमच्या जीपमध्ये मी बसते, पाकीट माझ्या मांडीवर. माझ्या मांडीवरून हरवून दाखवा."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. काहीतरी बोलायला हवं होतं, पण एकोणीस वर्षांचं बोलणं एवढ्याशा तोंडात मावेना. "पीठ झटक," त्या म्हणाल्या, "मॅजिस्ट्रेट काय म्हणेल."

"म्हणू दे. त्याच्याही घरी माझाच पाव जातो."

जीप गेली. दिरांनी आणि आणखी दोघा पुरुषांनी वकिलांना शर्ट चढवला. पाठीला वीतभर भोक, त्यातून कातडी दिसत होती, उलथन्याचा डाग अगदी मधोमध. बाईंनी ओच्याला खोचलेला रुमाल काढला. दुपारपासून तो तिथेच होता, वाळून विटकरीसारखा कडक झालेला. त्यातलं सगळं रक्त एकाच माणसाचं. त्यांनी तो पाण्याविना, थुंकीविना, नुसत्या बोटांनी चोळून मऊ केला आणि त्या भोकावर बसवला. मग कफन.

खड्ड्यापाशी सगळी वस्ती आली होती. भिंतीवर, विहिरीच्या कठड्यावर, माणसंच माणसं. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. ज्यूंचे मोजून अकरा उरले होते, त्यातला एक आज खाली झोपणार होता. दिरांनी दोनदा मोजून घेतले. बरोब्बर दहा. बाई उघड्या डोक्याने पुढे उभ्या राहिल्या. एका म्हातारीने आपला पदर पुढे केला तर म्हणाल्या, "राहू दे. ज्याच्यासाठी झाकत होते तो गेला."

सहा पंचवीसला फाटकातून बेकरीवाली पळत आली, धापा टाकत, हातात पोचपावती फडकवत. खाली मॅजिस्ट्रेटची सही आणि शिक्का. बाईंनी अक्षर अन् अक्षर वाचल्यासारखं केलं, घडी घातली आणि ब्लाउजमध्ये खोचली. तिथून ती कुणाच्या बापाला मिळणार नव्हती.

"माती लोटू?" दिरांनी विचारलं.

"थांबा." बाई थोरलीकडे वळल्या. "बाबांच्या काखेतले कागद कुणी उचलले?"

थोरलीने पिशवीतून काढले. नळाचा मंजुरी हुकूम, वरचं पान पूर्ण लाल, खालच्या पानांच्या कडा एकमेकींना चिकटलेल्या. दिरांनी ते पाहिले आणि मान फिरवली. ज्या नळाला ते तीन वर्षं नाही म्हणत आले होते, तो भावाच्या रक्तात भिजून समोर आला होता.

"हेही त्याचंच," ते कसेबसे म्हणाले. "हेही आत गेलं पाहिजे."

"नगरपालिकेत याची नक्कल आहे?" बाईंनी विचारलं.

"आहे," थोरली म्हणाली. "नोंदही आहे. फोटोही काढलेत मी."

"आणि उद्या हे दहा जण पाणी देणार नाही म्हणाले तर?"

दिरांनीच फावडं खाली ठेवलं. "नळाची चावी मी फिरवीन, वहिनी," ते म्हणाले. "सगळ्यांदेखत सांगतो."

बाई खड्ड्याच्या कडेला गुडघ्यांवर बसल्या, फळीतलं मनगट सांभाळत. वाकून कागद वकिलांच्या काखेपाशी, कफनाला टेकवून ठेवले.

"घ्या," त्या म्हणाल्या. "उचलले."